एकाहून अधिक नोकऱ्यांवरील प्राप्तिकर (भारत)

एकाच आर्थिक वर्षात दोन किंवा अधिक नियोक्त्यांकडून वेतन मिळवणाऱ्या व्यक्तीचा प्राप्तिकर भारतात तिच्या सर्व वेतनांची बेरीज करून ठरवला जातो. दुसऱ्या नोकरीसाठी वेगळा कर नाही, वेगळा दर नाही आणि वेगळी करमुक्त मर्यादाही नाही. वेतनातून कर कापून सरकारजमा करण्याचे काम मात्र प्रत्येक नियोक्ता आपण दिलेल्या वेतनापुरतेच करतो. दुसरीकडे मिळणारे वेतन त्याच्या हिशेबात येत नाही. त्यामुळे दोन्हीकडे मिळून कापलेला कर हा खऱ्या करापेक्षा बहुधा कमी भरतो आणि उरलेली रक्कम कर्मचाऱ्याला स्वतः, अनेकदा व्याजासह, भरावी लागते. दुसरी नोकरी धरणाऱ्यांना बसणारा आर्थिक फटका प्रामुख्याने याच तफावतीतून येतो. दुसऱ्या नोकरीवर ‘जास्त कर लागतो’ हा समज लोकांत रूढ आहे, तोही बहुधा यातूनच निर्माण झाला असावा.

कायदेशीर चौकट

भारतात प्राप्तिकर पहिल्यांदा १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी लागू केला. उद्गमस्थानी करकपातीची तरतूद १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमात होती. १९६१ चा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १९२ नुसार वेतन देणाऱ्याने वर्षभराच्या अंदाजित वेतनावर सरासरी दराने कर कापावयाचा असतो. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आला. नव्या अधिनियमात वेतनावरील करकपात कलम ३९२ मध्ये आहे आणि ‘पूर्ववर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या दोन संज्ञांऐवजी ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा वापरली आहे. या लेखातील कलमांचे व प्रपत्रांचे क्रमांक १९६१ चा अधिनियम आणि त्याखालील नियम यांतील असून आकडेमोड २०२५-२६ या आर्थिक वर्षाची आहे.

कायद्याच्या दृष्टीने करदाता ही व्यक्ती आहे; तिची नोकरी नव्हे. ‘वेतन’ या शीर्षाखाली त्या व्यक्तीला वर्षभरात मिळालेले, कोणत्याही नियोक्त्याकडून आलेले सर्व वेतन एकत्र येते. कापलेला कर हा त्या एकत्रित करापोटी आगाऊ जमा झालेली रक्कम असते. ‘आमचा कर पगारातूनच कापला जातो’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते एक नोकरी असेपर्यंत जवळजवळ खरे असते. दुसरी नोकरी आली की ते खरे राहत नाही.

तफावत कशी पडते

नव्या करप्रणालीत (कलम ११५बीएसी) २०२५-२६ साठी पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के दर असून २४ लाखांवरील उत्पन्नास ३० टक्के दर आहे. करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. वेतनातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए खालील ६०,००० रुपयांपर्यंतच्या करसवलतीमुळे कर शून्य होतो.

एखादी व्यक्ती दिवसा एका कंपनीत वर्षाला ९ लाख रुपयांवर आणि सायंकाळी एका खाजगी महाविद्यालयात ६ लाख रुपयांवर नोकरी करते असे समजू. कंपनी ९ लाखांतून ७५,००० वजा करील. उरलेले ८,२५,००० हे १२ लाखांच्या आत असल्याने ती काहीच कापणार नाही. महाविद्यालय ६ लाखांतून तेच ७५,००० पुन्हा वजा करील आणि ५,२५,००० वरही कर शून्य धरील. वर्षअखेरीस दोन्हीकडून मिळालेल्या फॉर्म १६ मध्ये कपात शून्य असेल.

प्रत्यक्षात एकत्रित वेतन १५ लाख, त्यातून प्रमाणित वजावट एकदाच, म्हणजे करपात्र उत्पन्न १४,२५,०००. त्यावर ४ ते ८ लाखांच्या टप्प्याचे २०,०००, ८ ते १२ लाखांच्या टप्प्याचे ४०,००० आणि उरलेल्या २,२५,००० वर १५ टक्क्यांनी ३३,७५०, असा ९३,७५० रुपये कर होतो. ३,७५० रुपये उपकर धरून देय रक्कम ९७,५०० रुपये. दोन्ही नियोक्त्यांनी आपापले काम नियमाप्रमाणे केलेले असते आणि तरीही सरकारजमा झालेला कर शून्य असतो.

१२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे मध्यम पगाराच्या नोकरीत आता काहीच कापले जात नाही. ही शून्य कपात अनेकांना कर नसल्याची पावती वाटते. निदान थोडी कपात होत असती, तर हिशेब करून पाहण्याची आठवण तरी राहिली असती.

एकदाच मिळणाऱ्या सवलती

प्रमाणित वजावट १९७४ च्या वित्त अधिनियमाने आली, २००५ मध्ये बंद झाली आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात ४०,००० रुपयांच्या मर्यादेसह परत आली. पुढे ती ५०,००० झाली. जुन्या प्रणालीत आजही तेवढीच आहे. नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून ७५,००० आहे. ती ‘वेतन’ या शीर्षातून मिळते, प्रत्येक नोकरीमागे नव्हे. दोन फॉर्म १६ मधील निव्वळ आकड्यांची सरळ बेरीज केल्यास ती दोनदा घेतली जाते. दुसरी नोकरी असणाऱ्यांच्या विवरणपत्रांत होणारी ही नेहमीची चूक आहे.

१२ लाखांच्या सीमेजवळ ही चूक महागात पडते. समजा, दोन वेतने ७ लाख आणि ६,२५,००० आहेत. वजावट दोनदा घेतली तर करपात्र उत्पन्न ११,७५,००० दिसते आणि कर शून्य होतो. ती एकदाच घेतल्यास उत्पन्न १२,५०,००० होते. त्यावर दरानुसार कर ६७,५०० येतो. पण १२ लाखांपेक्षा जितके उत्पन्न जास्त, त्याहून जास्त कर आकारला जाऊ नये यासाठी सीमांत सवलत आहे. म्हणून कर ५०,००० व उपकर २,००० असे ५२,००० रुपये द्यावे लागतात. शून्य आणि बावन्न हजार यांमधील अंतर केवळ एका वजावटीचे आहे.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांच्या बाबतीत हाच प्रकार कलम ८०सी (कमाल १,५०,००० रुपये), गृहकर्जाचे व्याज आणि घरभाड्याची सूट यांतही घडतो. आयुर्विम्याच्या हप्त्याची एकच पावती दोन कार्यालयांत दिली, तर दोघेही त्यानुसार कपात कमी करतात. विवरणपत्रात मात्र वजावट एकदाच मिळते.

काही मर्यादा तर आयुष्यभरासाठी, सर्व नियोक्ते मिळून, एकच आहेत. खाजगी कर्मचाऱ्याला उपदानावर २० लाख आणि निवृत्तीच्या वेळच्या रजा रोखीकरणावर २५ लाख रुपयांपर्यंत सूट मिळते. आधीच्या नोकरीत घेतलेली सूट यातून वजा होते. भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना व अधिवार्धक्य निधी यांत नियोक्त्यांनी मिळून एका वर्षात साडेसात लाखांहून अधिक भर घातल्यास वरची रक्कम करपात्र होते. येथेही सर्व नियोक्त्यांची बेरीजच धरतात.

नियोक्त्याला माहिती देणे

कलम १९२(२) मध्ये या तफावतीवर उपाय दिलेला आहे. एकाच वेळी किंवा एकापाठोपाठ एक अशा एकाहून अधिक नोकऱ्या करणारी व्यक्ती त्यांतील एका नियोक्त्याची निवड करून त्याला दुसऱ्या ठिकाणचे वेतन आणि तेथे झालेली कपात कळवू शकते. यासाठी फॉर्म १२बी आहे. तो मिळाल्यावर निवडलेल्या नियोक्त्याला दोन्ही वेतनांची बेरीज धरून कर कापावा लागतो. वरील उदाहरणातील व्यक्तीने एप्रिलमध्येच कंपनीला हा फॉर्म दिला असता, तर ९७,५०० रुपये बारा महिन्यांत विभागून, दरमहा सुमारे ८,१२५ रुपये, कापले गेले असते.

कलम १९२(२बी) नुसार बँकेतील ठेवींवरील व्याजासारखे इतर उत्पन्नही नियोक्त्याला कळवता येते. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी फॉर्म १२बीएए आहे. घरमालमत्तेपासूनचा तोटा सोडून अन्य तोटा मात्र येथे धरला जात नाही.

फॉर्म १२बी देणे ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात तो नोकरी बदलणारे देतात. एकाच वेळी दोन नोकऱ्या करणारे क्वचितच देतात. याचे कारण कर नसून संकोच आहे: पहिल्या मालकाला दुसऱ्या नोकरीचा पत्ता लागू नये अशी त्यांची इच्छा असते. अशांसाठी अग्रिम कराचा मार्ग मोकळा आहे आणि त्यात कोणालाही काही सांगावे लागत नाही. दुसऱ्या नियोक्त्याला पॅन न देणे हा मात्र मार्ग नव्हे. पॅन नसल्यास कलम २०६एए नुसार करपात्र वेतनावर किमान २० टक्के दराने कपात होते आणि ती आपल्या खात्यात दिसत नाही.

अग्रिम कर आणि व्याज

कपात वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण रक्कम जमा व्हावी अशी अपेक्षा असते. हे व्यापाऱ्यांचे काम आहे अशी पगारदारांची समजूत असते. दुसरी नोकरी धरणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

हप्ते चुकल्यास कलम २३४सी खाली आणि ९० टक्क्यांहून कमी अग्रिम कर भरल्यास कलम २३४बी खाली दरमहा १ टक्का सरळव्याज लागते. पहिल्या उदाहरणातील व्यक्तीने वर्षभर काहीच न भरता ३१ जुलैला विवरणपत्रासोबत सर्व रक्कम भरली, तर हप्ते चुकल्याचे ४,९२० आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे ३,९०० असे ८,८२० रुपये व्याज होते. म्हणजे महिन्याला आठ हजारांनी भरता आली असती ती रक्कम जुलैमध्ये १,०६,३२० रुपये होऊन एकदम समोर येते.

साठ वर्षे पूर्ण झालेल्या व धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला अग्रिम करातून सूट आहे (कलम २०७).

निवृत्तिवेतन आणि नोकरी

निवृत्तीनंतर खाजगी शाळेत, सहकारी संस्थेत किंवा कारखान्यात पुन्हा नोकरी पत्करणाऱ्यांची स्थिती दोन नोकऱ्या करणाऱ्यांसारखीच असते. निवृत्तिवेतन हे करासाठी वेतनच मानले जाते आणि ते देणारी बँक किंवा कोषागार कपात करताना नव्या नोकरीचा विचार करत नाही. प्रमाणित वजावट येथेही दोन्ही मिळून एकदाच मिळते. साठीपुढील व्यक्तीला व्याजाचा भार नसतो. मुद्दल कर मात्र भरावाच लागतो. निवृत्तीनंतर नोकरीऐवजी सल्लागार म्हणून व्यावसायिक शुल्क घेतल्यास अग्रिम करातील ही सूटही उरत नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे तसे नाही. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतन हे तिचे वेतन नव्हे. ते ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षात येते. त्यातून त्याचा एक-तृतीयांश भाग किंवा २५,००० रुपये (जुन्या प्रणालीत १५,०००) यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. अशी महिला स्वतः नोकरी करत असेल तर तिला स्वतःच्या वेतनातून प्रमाणित वजावट आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून ही वजावट अशा दोन्ही मिळतात. हा हक्क अनेकींकडून न मागताच राहून जातो.

दुसरे काम ‘नोकरी’ नसेल तेव्हा

दुसऱ्या ठिकाणाहून मिळणारी प्रत्येक रक्कम वेतन नसते. नियोक्ता व कर्मचारी असे नाते असेल तरच ते वेतन. काम काय करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे हेही सांगण्याचा अधिकार देणाऱ्याकडे आहे का, ही याची प्रमुख कसोटी. राम प्रसाद विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त (१९७२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाचे पारिश्रमिक वेतन ठरवले, कारण तो संचालक मंडळाच्या नियंत्रणाखाली काम करीत होता. आमदार-खासदारांना मात्र कोणी नियोक्ता नसल्याने त्यांचे वेतन ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’ ठरते. शिक्षकाला आपल्या संस्थेबाहेरील विद्यापीठाकडून किंवा मंडळाकडून मिळणारे उत्तरपत्रिका तपासण्याचे मानधनही त्याच शीर्षात मोडते.

स्वतंत्रपणे केलेले काम धंदा-व्यवसायात येते. व्यावसायिक शुल्क वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर देणारा कलम १९४जे खाली साधारणतः १० टक्के कापतो. पगारपत्रकावर न घेता असे शुल्क देणाऱ्या संस्था अनेक आहेत, आणि १० टक्के कापले म्हणजे कर संपला असे घेणाऱ्याला वाटते. त्याचे एकत्रित उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उरलेले १० टक्के त्यालाच भरावे लागतात. प्रमाणित वजावट या उत्पन्नातून मिळत नाही. प्रत्यक्ष खर्च मात्र वजा करता येतो. वैद्यक, विधी, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला इत्यादी ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए खाली एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून हिशेब मिटवता येतो. खाजगी शिकवणी या यादीत नाही.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणे

‘एकापाठोपाठ एक’ नोकऱ्यांनाही वरील सर्व गणित लागू पडते. नव्या नियोक्त्याला फॉर्म १२बी न दिल्यास तो आपल्याकडील उरलेल्या महिन्यांचेच वेतन धरतो आणि सवलतींचा लाभ पुन्हा पहिल्यापासून देतो. येथे लपवण्यासारखे काही नसते, त्यामुळे फॉर्म न देण्याचे कारण बहुधा केवळ अज्ञान हेच असते.

विवरणपत्र

दोन्ही नियोक्त्यांचे फॉर्म १६ घेऊन स्थूल वेतन स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण (एआयएस) यांत पॅननुसार दोन्हीकडील नोंदी दिसतात, म्हणून एक नोकरी विवरणपत्रातून वगळली तर ती विभागाला सहज कळते. केवळ वेतन व व्याज यांसारखे साधे उत्पन्न ५० लाखांपर्यंत असल्यास आयटीआर-१ चालते. व्यवसायाचे उत्पन्न असल्यास आयटीआर-३, आणि कलम ४४एडीए वापरल्यास आयटीआर-४ भरतात.

दोन नियोक्त्यांना दोन वेगळ्या प्रणाली कळवल्या असल्या तरी अंतिम निवड विवरणपत्रात होते. केवळ पगारदाराला ती दरवर्षी बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने एकदा नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यावर परतण्याची संधी एकदाच मिळते. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन ते लपवल्यास २०० टक्के दंडाची तरतूद कलम २७०ए मध्ये आहे.

व्यवसाय कर

महाराष्ट्रात प्राप्तिकराबरोबर राज्याचा व्यवसाय करही वेतनातून कापला जातो. तो साधारणतः दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २,५०० रुपये असतो. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला एवढाच कर घेता येतो. येथे चूक उलट दिशेने होते: दोन्ही नियोक्ते आपापल्या परीने कापतात आणि कर्मचाऱ्याचे ५,००० रुपये जातात. एका ठिकाणी कर भरला जात असल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या नियोक्त्याला देऊन ही दुहेरी कपात टाळता येते.

करदायित्व आणि नोकरीची वैधता

दुसऱ्या नोकरीस परवानगी आहे की नाही हा प्रश्न प्राप्तिकराच्या कक्षेबाहेरचा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वपरवानगीविना अन्य नोकरी करता येत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ६० मध्ये कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई होती. खाजगी क्षेत्रात नियुक्तिपत्रातील अटी पाहाव्या लागतात. नियमभंग करून मिळवलेले वेतनही करपात्रच असते आणि त्यावर कर भरल्याने नियमभंग माफ होत नाही.

इतर देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये १९४४ पासून वेतनातूनच कर कापण्याची पद्धत आहे. तेथे नियोक्त्याने किती सूट धरावी हे कर विभाग सांकेतिक क्रमांकाने कळवतो. १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा सामान्यतः मुख्य नोकरीला जोडली जाते. दुसऱ्या नोकरीला बहुधा ‘बीआर’ हा संकेत मिळतो आणि तिच्या संपूर्ण वेतनावर २० टक्के कापले जातात. राष्ट्रीय विम्याची वर्गणी मात्र प्रत्येक नोकरीसाठी स्वतंत्रपणे मोजली जाते. जर्मनीत दुसऱ्या नोकरीला सहावा करवर्ग लागतो. त्यात मूळ करमुक्त रक्कम धरली जात नाही आणि जास्तीची कपात विवरणपत्रानंतर परत मिळते. अमेरिकेत नोकरीच्या सुरुवातीला भरावयाच्या डब्ल्यू-४ या फॉर्ममध्येच दुसरी नोकरी किंवा नोकरी करणारा जोडीदार असल्याचे कळवण्याची सोय आहे. ब्रिटन आणि जर्मनीत दुसऱ्या पगारातून सुरुवातीला जास्त कापले जाते आणि कर्मचारी परताव्यासाठी धडपडतो. भारतात कमी कापले जाते आणि मागणीची सूचना विवरणपत्रानंतर येते.